व्हीट्यूबर आणि एजन्सीची भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी एजन्सी सोडली की माझा इनबॉक्स भरतो. काढलं का, पैसे खाल्ले का, चॅनल आता कुणाचं, नवीन अवतार कधी येणार... तेच ते. दरवेळी टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. नंबर टाकलेत, कारण अर्ध्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या प्रश्नात आहेत. आणि माझं मत आधीच सांगते म्हणजे नंतर कुणी पक्षपाती म्हणायला नको: कोण चांगलं कोण वाईट हे ठरवायच्या आधी किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत ते बघावं. किल्ल्या तीन असतात. चेहऱ्याची, चॅनलची आणि तिजोरीची.

१. व्हीट्यूबर म्हणजे नक्की कोण? कार्टून की माणूस?

माणूसच, पण यूट्यूबवर लाइव्ह येतो (त्याला स्ट्रीम म्हणतात) तो चित्राआडून. कॅमेरा चेहऱ्याच्या हालचाली टिपतो, स्क्रीनवरचं चित्र, म्हणजे अवतार, तशाच हालचाली करतं. आवाज, विनोद, रडणं, चिडणं, रात्री दोन वाजता गेममधे हरल्यावरची आरडाओरड, सगळं त्या माणसाचं. 'व्हर्च्युअल यूट्यूबर' हा शब्द २०१६ च्या शेवटी आलेल्या किझुना आय या जपानी व्हीट्यूबरमुळे लोकांच्या तोंडी बसला. एआय वगैरे काही नाही यात, नावात 'आय' (इंग्रजीत Ai) आहे म्हणून दर आठवड्याला कुणीतरी हे विचारतंच.

२. घरात बसून स्वतःचं स्वतः स्ट्रीम करता येतं ना? मग एजन्सी लागते कशाला?

येतं की. हजारो लोक करतात, त्यांना इंडी म्हणतात. पण एजन्सीत गेलं की पहिल्याच दिवशी बघायला गर्दी असते, मॉडेलचा (म्हणजे हलणाऱ्या अवताराचा) खर्च कंपनी करते, थ्रीडी कॉन्सर्टसाठी स्टुडिओ मिळतो, जाहिराती मिळतात, वस्तू छापून विकून घरपोच पाठवणं कुणीतरी दुसरं बघतं, आणि कुणी घराचा पत्ता शोधून त्रास द्यायला लागलं तर वकील असतो. दोन मोठी नावं म्हणजे होलोलाइव्ह (कंपनी कव्हर) आणि निजिसान्जी (कंपनी एनीकलर). दोन्ही जपानी, आणि दोन्ही शेअर बाजारात आहेत, एनीकलर जून २०२२ पासून आणि कव्हर मार्च २०२३ पासून. हा शेअर बाजार लक्षात ठेवा, ११ मधे कामाला येईल.

३. अवतार कुणाच्या मालकीचा असतो?

जपानी मोठ्या एजन्सीत जवळपास नेहमी कंपनीचा. नाव, चित्र, लोगो, सगळंच. म्हणजे पाच वर्षं तुम्ही त्या नावाने हसलात रडलात, लोकांनी त्या नावावर जीव टाकला, आणि बाहेर पडताना ते नाव दारातच काढून ठेवायचं. बाहेरून क्रूर वाटतं, पण कंपनीची बाजूही आहे: चित्रकाराला पैसे त्यांनी दिले, पात्र त्यांनी ठरवलं, ऑडिशन घेऊन त्या पात्रासाठी माणूस निवडला. गोची अशी की लोक पात्रासाठी येतात आणि माणसासाठी थांबतात. करारात पात्राची किंमत लिहिता येते, माणसाची कशी लिहिणार? जवळपास सगळी भांडणं या फटीतून बाहेर येतात. अपवाद १३ आणि २२ मधे आहेत.

४. आणि चॅनल? पासवर्ड तर तिच्याकडेच असेल ना?

पासवर्डचा मुद्दाच नसतो. यूट्यूबवर एका चॅनलला मालक वेगळा आणि मॅनेजर वेगळा असे हक्क देता येतात. एजन्सी मालक, टॅलेंटला (एजन्सीतल्या व्हीट्यूबरला असं म्हणतात) स्ट्रीम सुरू करण्यापुरते हक्क. करार संपला की कंपनी एका क्लिकमधे हक्क काढून घेते आणि टॅलेंट स्वतःच्याच चॅनलबाहेर. म्हणून टर्मिनेशनच्या (कंपनीने करार तोडल्याच्या) दिवशी तुम्हाला तिचा निरोपाचा व्हिडिओ दिसत नाही, कंपनीची नोटीस दिसते. जुने व्हिडिओ ठेवायचे की लपवायचे हेही कंपनी ठरवते. मेंबर लोकांसाठीचे (महिन्याला पैसे भरणाऱ्या चाहत्यांसाठीचे) व्हिडिओ तर बहुतेक वेळा जातातच.

५. सुपरचॅट पाठवला तर तिला किती मिळतात?

सुपरचॅट म्हणजे स्ट्रीम चालू असताना पैसे देऊन टाकलेला मेसेज. यूट्यूब आधी ३० टक्के कापतं. उरलेले ७० एजन्सीच्या खात्यात जातात, तिथून करारात जो वाटा ठरलाय तो टॅलेंटला. तो वाटा कंपनी-कंपनीप्रमाणे बदलतो आणि सहसा जाहीर नसतो, त्यामुळे कुणी छातीठोक आकडा सांगितला तर दुर्लक्ष करा. मला आकड्यापेक्षा रस्ता महत्वाचा वाटतो. पैसे आधी कंपनीकडे येतात, मग टॅलेंटकडे. मधे महिना-दोन महिने जातात, हिशोबाचा कागद कंपनीच बनवते, आणि त्यात काय कापलंय ते टॅलेंटला कळेलच असं नाही. कंपनी चांगली असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर काय होतं ते १३ मधे वाचा, तिथे रक्कम मोठी आहे.

६. ग्रॅज्युएशन आणि टर्मिनेशन यात फरक काय?

ग्रॅज्युएशन म्हणजे दोघांच्या संमतीने निरोप. तारीख आधी जाहीर होते, शेवटचं स्ट्रीम होतं, मैत्रिणी येऊन गातात, सगळे रडतात. शब्द जपानी आयडल ग्रुपमधून आलाय. टर्मिनेशन म्हणजे कंपनीने करार तोडला. अचानक नोटीस, शेवटचं स्ट्रीम नाही, बऱ्याचदा कारणांची यादी. होलोलाइव्हच्या उरुहा रुशियाचं फेब्रुवारी २०२२ मधलं प्रकरण असंच होतं, कंपनीने तिच्यावर माहिती बाहेर दिल्याचा ठपका ठेवला आणि करार तोडला.

पण ग्रॅज्युएशन म्हणजे सगळं गोड असंही नाही. राजीनामा देणारा माणूस निरोपसमारंभात पेढे खातो म्हणून साहेबाशी त्याचं पटत होतं असं थोडीच असतं.

७. "मॅनेजमेंटशी मतभेद" असं म्हणतात म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. मिनातो आक्वाने ऑगस्ट २०२४ मधे होलोलाइव्ह सोडताना कंपनीशी दिशेबाबत मतभेद असं सांगितलं. सेरेस फॉनाने जानेवारी २०२५ मधे होलोलाइव्ह सोडलं, तिनेही मॅनेजमेंटशी मतभेद हेच कारण दिलं. गॉर गुरा २०२५ मधे एप्रिल संपता संपता तिथूनच बाहेर पडली तेव्हाही असाच सूर होता, आणि गुरा म्हणजे ४० लाख सबस्क्रायबर पार करणारी पहिली व्हीट्यूबर, म्हणजे नवखी कुणी नाराज झाली असं म्हणून उडवून लावता येत नाही.

आत काय झालं ते त्यांनाच माहीत. पण उघडपणे जेवढं बोललं गेलंय त्यावरून कामाचं स्वरूप बदललंय एवढं दिसतं. २०२० मधे जी खोलीत बसून गेम खेळायला आली होती तिच्या कॅलेंडरवर आता गाण्याचं रेकॉर्डिंग, नाचाची प्रॅक्टिस, स्टुडिओसाठी विमानप्रवास, ब्रँडच्या मीटिंगा, आणि यातलं निम्मं गुप्त, म्हणजे चाहत्यांना वाटतं बाई स्ट्रीम करत नाही, आळशी झाली, आणि बाई चार महिन्यांनी होणाऱ्या कॉन्सर्टसाठी घाम गाळत असते पण सांगू शकत नाही. कंपनी वाढली की तिला वाढतच राहावं लागतं. माणसाला मात्र कधीकधी फक्त गेम खेळायचा असतो.

८. म्हणजे मॅनेजर लोकच वाईट असतात का?

नाही हो. मॅनेजरला शिव्या घालणं सगळ्यात सोपं, कारण तोच समोर असतो. बहुतेक वेळा एका मॅनेजरकडे तीन-चार टॅलेंट, त्याच्या हातात अधिकार शून्य, वरून "हो" यायची वाट बघायची आणि खाली "अजून कळवलं नाही त्यांनी" म्हणत राहायचं. किल्ली त्याच्याकडे नसतेच, तो फक्त निरोप्या. त्यात मॅनेजर बदलतात, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगा, आधीच्याने तोंडी कबूल केलेलं नव्याला माहीतच नसतं. मी एका छोट्या एजन्सीसाठी काही महिने सबटायटल करून दिली होती, तेवढ्यात तीन जण बदलले आणि तिघांनीही मला बँकेचे तेच डिटेल परत मागितले. वाईटपणा नव्हता कुणाच्याच मनात, फक्त मागचं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

९. एक गाणं टाकायला महिना-महिना परवानगी कशाला लागते?

एका कव्हर गाण्याचं (म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात, कव्हर कंपनीशी संबंध नाही) उदाहरण घेऊ. टॅलेंटला गाणं आवडलं. आता गाण्याची रचना एकाच्या मालकीची. जपानमधे त्यासाठी जासरॅकसारख्या संस्था आहेत आणि त्यांचा यूट्यूबशी आधीच करार आहे, त्यामुळे एवढं बऱ्यापैकी सुटतं. पण मागे वाजणारा कराओके ट्रॅक ज्याने बनवला त्याचा हक्क वेगळा, त्याची परवानगी वेगळी, नाहीतर तो नव्याने बनवून घ्यायचा. मग मिक्सिंग करणारा, चित्रकार, व्हिडिओ एडिटर, प्रत्येकाशी कागद. शिवाय व्हिडिओत दुसऱ्या एजन्सीची पात्रं आली तर त्यांचीही परवानगी. यातला एक जरी ईमेल कुणाच्या इनबॉक्समधे पडून राहिला तरी गाडी थांबली. टॅलेंटने खिशातले पैसे घालून चित्रकारांना आधीच काम दिलेलं असतं, वाढदिवस पुढच्या आठवड्यावर आलेला असतो, आणि उत्तर येतं: "चेक करतोय".

गेमचंही तेच. निन्टेन्डोचे स्ट्रीमिंगचे खुले नियम व्यक्तींसाठी आहेत, कंपनीला वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे इंडी मुलगी जो गेम आज रात्री खेळू शकते तो एजन्सीतल्या मुलीला खेळता येईलच असं नाही. २०२० मधे होलोलाइव्हने परवानगीशिवाय झालेल्या स्ट्रीमबद्दल माफी मागितली आणि ढिगाने व्हिडिओ लपवले, तेव्हापासून सगळेच दुधाने तोंड पोळल्यासारखे ताक फुंकून पितात. त्यामुळे कंपनी उगाच अडवते असं मी म्हणणार नाही. उशीर होतोय ते वेळेत आणि स्पष्ट न सांगणं, तक्रार तिथे आहे.

१०. सेलेन तात्सुकीचं काय झालं होतं? सगळे अजून त्याच्याबद्दल बोलतात.

निजिसान्जीच्या इंग्लिश शाखेची सेलेन, जुलै २०२१ मधे आली. २५ डिसेंबर २०२३ ला तिने एक कव्हर व्हिडिओ टाकला, ज्यावर बऱ्याच कलाकारांनी काम केलं होतं. थोड्याच वेळात तो गायब. कंपनीचं म्हणणं, लागणाऱ्या परवानग्या पूर्ण नव्हत्या. तिचं म्हणणं, परवानगीसाठी आधीपासून विचारत होते. (९ परत वाचा, म्हणजे दोघंही एकाच वेळी खरं बोलत असू शकतात हे कळेल.) त्यानंतर ती गप्प झाली आणि ५ फेब्रुवारी २०२४ ला कंपनीने करार तोडल्याची नोटीस काढली, तीही लांबलचक, तिच्या चुकांची यादी असलेली. त्याच दिवशी तिने तिच्या जुन्या स्वतंत्र अकाउंटवरून, डोकीबर्ड नावाने, स्वतःची बाजू मांडली. आत आपल्याला त्रास दिला गेला असं तिचं म्हणणं, कंपनीने ते नाकारलं.

मग एजन्सीतल्याच तिघांनी एका चॅनलवर येऊन आपली बाजू सांगितली. ते आपणहून बोलतोय म्हणाले, पण लोकांना वाटलं कंपनीने पोरांना पुढे केलं, आणि आग आणखी भडकली. शेवटी सीईओ व्हिडिओवर आले.

माझ्या मते कंपनी कुठे चुकली तर त्या नोटिशीच्या सुरात. वाद कुणाशीही होतो, पण ज्या मुलीवर लोकांनी अडीच वर्षं जीव लावला तिचा पंचनामा केल्यासारखी नोटीस काढलीत तर लोक तुमच्या बाजूने कसे येतील? शिवाय आधी 'ब्लॅक कंपनी' हा जपानी शब्द मोजक्या लोकांनाच माहीत होता, त्या आठवड्यात सगळे शिकले. पिळवणूक करणाऱ्या कंपनीला जपानमधे तसं म्हणतात.

११. शेअर बाजाराचा यात काय संबंध?

कंपनी लिस्टेड झाली की तिला दोन प्रेक्षक होतात, एक चॅटमधे, एक ब्रोकरच्या ऑफिसात, आणि दोघांना एकच गोष्ट सांगून चालत नाही. सेलेनच्या वेळी एनीकलरने गुंतवणूकदारांना सांगितलं की कमाईवर परिणाम किरकोळ असेल. हिशोबाच्या भाषेत ते रुटीन वाक्य. चाहत्यांनी ते वाचलं "ती किरकोळ होती" असं. शेअर पडला तो पडलाच, वर ते वाक्य मीम म्हणून अमर झालं.

१२. अवतार तोच ठेवून आतला माणूस बदलला तर? कंपनीचाच आहे ना अवतार?

करून बघितलंय, आणि तोंडावर आपटलेत. २०१९ मधे गेम क्लब प्रोजेक्ट नावाच्या ग्रुपमधे आवाज देणाऱ्या कलाकारांनी वाईट वागणुकीची आणि अति कामाची तक्रार केली. कंपनीने पुढे आवाजच बदलले. चित्र तेच, नाव तेच, आवाज परका. चाहते भयंकर चिडले आणि तो ग्रुप परत उभा राहिलाच नाही. त्याच वर्षी किझुना आयचेही एकापेक्षा जास्त आवाज यायला लागले, मूळ आवाज बाजूला पडतोय म्हणून लोक भडकले, आणि शेवटी २०२० मधे तिच्यासाठी वेगळी कंपनी काढून मूळ आवाज कासुगा नोझोमी यांचा आहे हे जाहीर करावं लागलं. तेव्हापासून मोठ्या एजन्सी या वाटेला जात नाहीत. ३ मधे म्हटलेली फट ती हीच.

१३. मग अवतार टॅलेंटच्या मालकीचा असला की प्रश्न मिटला ना?

आम्हाला सगळ्यांना असंच वाटायचं. व्हीशोजो ही अमेरिकन एजन्सी २०२० मधे निघाली तीच या गोष्टीवर, की टॅलेंट आधी, पात्राची मालकी टॅलेंटकडे. जपानी एजन्सीवर टीका करताना लोक तिचंच उदाहरण द्यायचे, मीही दिलंय, जुने मेसेज कुणी उकरून काढू नका.

२१ जुलै २०२५ ला आयर्नमाऊसने एजन्सी सोडल्याचं सांगितलं. ती म्हणजे तिथली सगळ्यात मोठी स्टार. तिला रोगप्रतिकारशक्तीचा गंभीर आजार आहे आणि ती त्याच आजारांसाठी काम करणाऱ्या इम्यून डेफिशियन्सी फाउंडेशनसाठी पैसे जमवते. तिचं म्हणणं असं की तिचे स्वतःचे पैसे थकलेत आणि वर फाउंडेशनला जायचे ५ लाख डॉलरहून जास्त पैसे पोचलेच नाहीत. पुढच्या दोन-तीन दिवसात एकामागून एक टॅलेंट बाहेर पडले, रांगच लागली. २४ जुलैला सीईओ जस्टिन इग्नासिओ यांनी कंपनी बंद होतेय असं जाहीर केलं आणि कबूल केलं की कंपनीने खर्च केलेल्या पैशात धर्मादाय कामासाठी जमवलेले पैसेही होते, जे त्यांना नंतर कळलं म्हणे. "नंतर कळलं" वर मी काही लिहीत नाही, तुम्हीच वाचा.

म्हणजे चेहऱ्याची किल्ली टॅलेंटकडे होती, तिजोरीची नव्हती. चेहरा त्यांचा होता म्हणून बाहेर पडल्यावर त्याच नावाने, त्याच चित्राने दुसऱ्या दिवशी स्ट्रीम करता आलं, ही खूप मोठी गोष्ट. पण गेलेले पैसे काही मालकी हक्काने परत येत नाहीत. चाहत्यांनी मात्र थेट फाउंडेशनसाठी नवीन मोहिमेत पैसे टाकले आणि काही दिवसात १० लाख डॉलर पार केले. यावेळी मधे एजन्सी नव्हती.

१४. एका देशाचं नाव घेतलं म्हणून सस्पेंड केलं होतं ते खरं का?

खरं. सप्टेंबर २०२० मधे होलोलाइव्हच्या किर्यू कोको आणि आकाई हाआतो या दोघींनी स्ट्रीमवर यूट्यूबचे आकडे दाखवले, प्रेक्षक कुठून येतात त्या यादीत तैवान होतं. चीनमधल्या प्रेक्षकांचा संताप, आणि कंपनीने दोघींना तीन आठवडे बंद ठेवलं. कंपनीचं चीनमधे काम होतं, तिथली शाखा होती, हे कारण सगळ्यांना दिसत होतं. एवढं करूनही शाखा वाचली नाही, त्या वर्षाच्या शेवटापर्यंत बंद. कोकोच्या चॅटमधे नंतर महिनोन्महिने स्पॅमचा मारा चालू होता. १ जुलै २०२१ ला ती ग्रॅज्युएट झाली तेव्हा एकाच वेळी साडेचार लाखांहून जास्त लोक बघत होते.

मॅनेजमेंटने आपल्या माणसाची बाजू कधी सोडली याचं उदाहरण म्हणून लोक हे प्रकरण काढतात. मी पण काढते.

१५. कायदा काही आहे की नाही?

आहे, आणि हल्ली थोडा जागा झालाय. ऑक्टोबर २०२४ मधे जपानच्या फेअर ट्रेड कमिशनने कव्हरवर (होलोलाइव्हची कंपनी) ठपका ठेवला, कारण चित्रं आणि मॉडेल बनवणाऱ्या २३ जणांकडून एकूण २४३ वेळा फुकटात काम परत करून घेतलं होतं. लक्ष द्या, हे टॅलेंट नाहीत, कलाकार आहेत, कुणी निरोपाचं स्ट्रीम करत नाही म्हणून आपल्याला दिसतच नाहीत.

१ नोव्हेंबर २०२४ पासून जपानमधे फ्रीलान्स लोकांसाठी नवीन कायदा लागू झाला. अटी लेखी द्यायच्या, पैसे ६० दिवसांच्या आत, आणि सहा महिने किंवा जास्त चाललेला करार तोडायचा तर ३० दिवस आधी सांगायचं, काही अपवाद सोडून. व्हीट्यूबर बहुतेक नोकर नसतात, कंत्राटावर असतात, म्हणून हे महत्वाचं.

तिसरी गोष्ट, २०२२ मधे ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने मान्य केलं की अवताराला केलेली शिवीगाळ ही आतल्या माणसाचाच अपमान ठरू शकते. चित्राला शिवी दिली, माणसाला नाही, ही पळवाट गेली. त्याच वर्षी डिसेंबरमधे कव्हर आणि एनीकलर यांनी छळाविरुद्ध एकत्र काम करायचं जाहीर केलं. एरवी स्पर्धक, पण इथे दोघींचं दुखणं एकच.

१६. 'पुनर्जन्म' म्हणजे काय? मी नाव सांगितलं तर काय बिघडतं?

एजन्सी सोडून तीच व्यक्ती नव्या अवतारात आली की जपानी चाहते त्याला पुनर्जन्म म्हणतात, आपल्याला समजवायची गरजच नाही. करारामुळे बऱ्याच जणी जुन्या नावाबद्दल बोलू शकत नाहीत. तुम्ही चॅटमधे जुनं नाव ओरडलात तर ती अडचणीत येते, तुम्ही नाही. जिने स्वतः उघड सांगितलंय (१० मधल्यासारखं) तिचं ठीक. बाकीच्यांचं माझ्याकडे विचारू नका, मी सांगणार नाही. खरं नाव, फोटो तर अजिबातच नाही.

१७. करारात गुप्ततेची अट असते तर मग काही जणी नंतर बोलतात कशा?

अट असते, पण ती कशावर आहे हे महत्वाचं. अजून जाहीर न झालेले प्रोजेक्ट, इतरांची माहिती, पैशाचे आकडे यावर बोलता येत नाही. "मला तिथे त्रास झाला", "मी थकले" हे बोलणं वेगळं. तरी सगळ्या जपूनच बोलतात, वकिलाला वाचून दाखवून. म्हणून निवेदनातली वाक्यं इतकी गोल गोल असतात आणि आपण एकेका शब्दाचा कीस पाडत बसतो. माझा अनुभव, जे लिहिलंय तेवढंच वाचा. ओळींमधलं वाचायला गेलं की आपलंच मन दिसतं.

१८. रागाने मेंबरशिप काढली तर कंपनीला धडा मिळेल का?

थोडा. पण ज्या टॅलेंटची काढलीत तिचा वाटाही जातो, आणि वादाशी तिचा संबंध नसेल तर उगाच. सेलेनच्या वेळी निजिसान्जी इंग्लिशच्या इतर मुलामुलींच्या चॅटमधे जाऊन लोकांनी नको ते लिहिलं, ते सरळ सरळ चूक. पैसे थांबवायचेत तर शांतपणे थांबवा, कंपनीला फॉर्मवरून कारण लिहून पाठवा. कमेंटमधे भांडून कुणाचा करार बदललेला मी तरी बघितला नाही.

१९. भारतात अशी एजन्सी होती का?

निजिसान्जीनेच २०२० च्या सुरुवातीला भारतासाठी शाखा काढली होती. आद्या, विहान आणि नूर. फार चालली नाही, २०२१ मधे नूर बाहेर पडली आणि शाखा संपली. बाकी देशांच्या शाखांचंही असंच, इंडोनेशिया आणि कोरियाच्या शाखा २०२२ मधे मुख्य ग्रुपमधे मिसळल्या.

२०. सोडायचंही नाही आणि राहायचंही नाही असा मधला रस्ता आहे का?

आहे, नवीन आहे. अमेलिया वॉटसनने सप्टेंबर २०२४ अखेर नेहमीचं स्ट्रीमिंग थांबवलं पण होलोलाइव्हशी 'अफिलिएट' म्हणून नातं ठेवलं. म्हणजे रोजचं काम नाही, पण पात्र मेलेलं नाही, कधीतरी कार्यक्रमात दिसू शकतं. चाहत्यांना बरं वाटतं. पण चेहऱ्याची किल्ली कंपनीकडेच राहिली हे विसरू नका.

२१. मला ऑडिशनमधून ऑफर आलीय. करारात काय बघू?

आधी अभिनंदन. मग सही करायची घाई करू नका, वकिलाला दाखवा, मी वकील नाही. मी बघेन ते एवढं: सोडल्यावर नाव आणि मॉडेल कुणाकडे, विकत घेता येतं का आणि किती किमतीला. चॅनलचा मालक कोण. पैसे किती दिवसात आणि हिशोबाचा कागद बघायला मिळेल का, नुसता आकडा नको. मॉडेलचा, प्रवासाचा, गाण्याचा खर्च तुमच्या वाट्यातून कापणार का. सोडल्यावर किती महिने दुसरीकडे स्ट्रीम करायचं नाही. आणि एजन्सीत यायच्या आधीचं तुमचं जुनं चॅनल चालू ठेवता येईल का, हा प्रश्न लोक विचारायचा विसरतात.

"आमच्याकडे सगळं फॅमिलीसारखं आहे" असं कुणी म्हणालं तर ते वाक्य करारात कुठल्या कलमात आहे ते विचारा.

२२. माझं मॉडेल मी स्वतःच्या पैशाने बनवलंय आणि त्याच्यासकट एजन्सीत जातेय. मग ते माझंच ना?

इथे लोक हमखास फसतात. आधी उजवी बाजू: होशिमाची सुइसेई इंडी होती, पात्र तिने स्वतः घडवलेलं, २०१९ मधे ती कव्हरकडे आली आणि आज होलोलाइव्हच्या सगळ्यात मोठ्या गायिकांपैकी आहे. म्हणजे स्वतःचं पात्र घेऊन जाता येतं. पण आत गेल्यावर कंपनी नवीन कपडे, थ्रीडी मॉडेल, लोगो बनवते ते कुणाचे? करारात लिहिलं नसेल तर पात्र तुमचं आणि कपडे कंपनीचे अशी मजेशीर अवस्था येऊ शकते.

दुसरं, तुमच्याकडे नेमकी कुठली फाइल आहे ते आत्ता उघडून बघा. लाइव्हटूडीमधे (चित्र हलवायचं सॉफ्टवेअर) स्ट्रीमिंगला लागते ती एमओसी३ फाइल, ती चालते पण तिच्यात बदल करता येत नाहीत. बदल करायचे तर सीएमओ३ लागते, आणि ती बऱ्याचदा रिगिंग करणाऱ्याकडेच (चित्र हलतं करून देणाऱ्याकडेच) राहते, पैसे तुम्ही दिलेले असले तरी. चित्रकाराशी झालेल्या व्यवहारात व्यावसायिक वापराची परवानगी तुमच्या नावाने आहे की नाही हेही बघा, कारण ती फक्त तुम्हाला असेल तर एजन्सीला ती तुम्ही देऊच शकत नाही, परत विचारावं लागेल. चित्रकाराला आज एक मेसेज टाका. बाहेर पडायची वेळ आल्यावर टाकलात तर तो आधी एजन्सीला विचारेल.